दुसऱ्याच्या ओंजळीनें किती दिवस पाणी प्यावयाचें?

इ. स. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३ तारखेस केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानें मराठी भाषेस अभिजात भाषेचा दर्जा दिला, व त्याच दिवशीं पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या चार भाषांसही तोच मान मिळाला. तामिळ भाषेस हा मान २००४ सालीं, संस्कृतास २००५ सालीं, तेलुगु व कानडी यांस २००८ सालीं, मल्याळम भाषेस २०१३ सालीं आणि ओडिया भाषेस २०१४ सालीं मिळालेला असल्यामुळें या यादींत एकंदर अकरा भाषा झाल्या. ही बातमी आली तेव्हां महाराष्ट्रांत गांवोगांवीं आनंद झाला तो स्वाभाविक होता, व त्यांत आम्हीही सामील होतों. परंतु घराण्याची एखादी जुनी मिळकत निघाली असें कळलें म्हणजे शहाणा कर्ता पुरुष पेढे वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशीं कागदांचा रुमाल सोडून बसतो, आणि मिळकत कोठें आहे, किती आहे, तिच्यावर बोजा काय आहे, हें पाहतो. आमच्या या मिळकतीचा रुमाल फारच थोड्यांनीं सोडला आहे.

मराठीच्या प्राचीनत्वाचे जे पुरावे पुढें करण्यांत येतात त्यांत नाणेघाटांतील ब्राह्मी लिपींतला लेख आहे, हाल राजाच्या नांवावर मोडणारा महाराष्ट्री प्राकृतांतील गाथासप्तशती हा संग्रह आहे, महानुभावांचें लीळाचरित्र आहे, आणि शके १२१२ मध्यें झालेली ज्ञानेश्वरी आहे. यांपैकीं पहिल्या दोहोंची भाषा पेठेंतील शंभर सुशिक्षितांपैकीं एकास तरी वाचतां येईल काय, याची आम्हांस शंका आहे. पुढील दोन ग्रंथ तर मराठीच, पण तेही बहुतेकांस टीपेवांचून उलगडत नाहींत. संस्कृताची स्थिति याहून बरी म्हणावी तर तसेंही नाहीं. शाळेंत हा विषय घेऊन भरपूर गुण मिळविलेले कितीएक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत, व आम्ही स्वतःही त्यांतलेच; पण ज्या दिवशीं गुणपत्रिका पेटींत ठेवली त्या दिवशीं भाषाही तिच्याबरोबर पेटींत गेली. म्हणून आमचा आजचा लेख सरकारापेक्षां आमच्या वाचकांस उद्देशून आहे. दुकानाची फळी लावून रात्रीं घरीं येणारा व्यापारी, कचेरींतून सुटणारा कारकून, वकील, डॉक्टर, शिक्षक, आणि दिवसभराचें काम आटोपून वर्तमानपत्र हातीं घेणारी गृहिणी, यांनीं चाळिशींत किंवा पन्नाशींत एखादी प्राचीन भाषा शिकावी काय, ती त्यांस शिकतां येईल काय, आणि शिकून उपयोग काय, या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

व्यापाऱ्यापाशीं उपयोगाची गोष्ट आधीं बोलावी हें बरें. ज्या सावकारास स्वतःची रोजकीर्द आणि खतावणी वाचतां येत नाहीं, त्याचा मुनीम कितीही इमानी असला तरी पेढीचा खरा धनी मुनीमच होय. तो सांगेल ती बाकी आणि तो म्हणेल तो नफा. प्राचीन ग्रंथांच्या बाबतींत आमच्या समाजाची कित्येक शतकें हीच अवस्था होती. ग्रंथ सर्वांचा, आज्ञा सर्वांवर, आणि वाचणारे मात्र मूठभर. या व्यवस्थेंत वाचणारा लबाडच असला पाहिजे असें नाहीं. तो चुकला तर त्याची चूक धरणारा कोणी नसतो, हाच तिचा मुख्य दोष आहे.

हें नुसतें अलंकारिक बोलणें नव्हे. कायद्याच्या धंद्यांतील लोकांस एक प्रसिद्ध उदाहरण ठाऊक असतें. पतीच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें पुत्र देऊं अथवा घेऊं नये, अशा अर्थाचें वसिष्ठाचें एक वचन आहे. तें हिंदुस्थानांतील सर्व संप्रदायांस मान्य होतें. पण मिथिलेच्या निबंधकारांनीं ही अनुज्ञा दत्तविधानाच्या वेळींच पाहिजे असा अर्थ केला, म्हणून तेथील विधवेस दत्तक घेतांच येईना. बंगाल्यांत, पतीनें जिवंतपणीं दिलेली अनुज्ञा त्याच्या मरणानंतरही चालते असें ठरलें. द्रविड देशांत, पतीच्या सपिंडांची संमति मिळाली म्हणजे पुरे असें ठरलें. आणि आमच्या महाराष्ट्रांत, मयूख व कौस्तुभ या ग्रंथांच्या आधारें, हा निर्बंध पति हयात असलेल्या स्त्रीपुरताच आहे असा अर्थ होऊन विधवेस मोकळीक राहिली. मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यांत १८६८ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें हे चारही अर्थ नमूद केले. वाक्य एक, अर्थ चार, आणि प्रत्येक अर्थावर जमिनी, वाडे व पेढ्या टांगलेल्या! ज्या विधवेचें घर त्या अर्थावर तरावयाचें किंवा बुडावयाचें, तिला मात्र तें वाक्य वाचतां येत नव्हतें.

दुसरें उदाहरण याहून दारुण आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अंत्यविधीच्या एका सूक्तांत, सुवासिनी स्त्रियांनीं पुढें व्हावें अशा अर्थाची ऋचा असून तींत 'अग्रे' असा शब्द आहे. बंगालचा धर्मनिबंधकार रघुनंदन याच्या ग्रंथांत हीच ऋचा सहगमनास आधार म्हणून आली, आणि तेथें 'अग्रे' याच्या जागीं 'अग्नेः' असा पाठ आढळतो. 'पुढें' याचें झालें 'अग्नीच्या'! हा दोष ग्रंथकाराचा कीं नकलकाराचा, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. सतीची चाल या एका अक्षरावर उभी होती असें आम्ही म्हणत नाहीं. रूढि, लोभ आणि स्त्रीचें दास्य हे तिचे खरे खांब होते. पण वेदाचा म्हणून जो आधार दाखविला जात असे, तो मूळ संहिता उघडतांच गळून पडतो. ही गोष्ट उघड करून मांडणारा होरेस हेमन विल्सन हा कंपनीच्या नोकरींत डॉक्टर म्हणून कलकत्त्यास आलेला आणि तेथील टाकसाळींत काम करतां करतां संस्कृत शिकलेला मनुष्य होता. त्याचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हां सतीबंदीच्या १८२९ च्या कायद्यास वीस वर्षांहून अधिक काळ लोटून गेला होता.

भाषेच्या ज्ञानानें बंधनें तुटतात याचेंही उदाहरण आमच्यापुढें आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं १८५५ सालीं विधवांच्या पुनर्विवाहास पराशरस्मृतीचा आधार काढून दाखविला, आणि १८५६ सालीं पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्यावर विरोधकांनीं त्या श्लोकांतील 'पतौ' या शब्दाच्या आरंभीं एक लुप्त अकार आहे अशी कल्पना लढवून सगळा अर्थच फिरविण्याचा यत्न केला. एका अवग्रहाच्या चिन्हावर हजारों बालविधवांचें आयुष्य! वाद घालणारे दोन्ही पक्ष संस्कृत जाणणारे. ज्यांचा निकाल लागावयाचा तो समाज मात्र कोर्टांतील अडाणी पक्षकाराप्रमाणें दोन वकिलांच्या तोंडाकडे पाहत बसलेला.

यावर कोणी म्हणेल कीं, विवाह, वारसा व दत्तक यांचे कायदे १९५५ व १९५६ सालीं संसदेनें केले. आतां वसिष्ठ आणि पराशर यांवांचून कोणाचें काय अडलें आहे? कोर्टांत अडत नाहीं हें खरें. पण लोकमताच्या कोर्टांत वचनांचा पुरावा अद्यापि रोज दाखल होत असतो. सकाळीं डोळे उघडतात तोंच मोबाइलवर एखादा श्लोक येऊन उभा राहतो. त्याखालीं मनुस्मृति, चाणक्य, किंवा 'वेदांत सांगितलें आहे' एवढीच सही असते. असले कित्येक श्लोक त्या ग्रंथांत नसतातच, आणि जे असतात त्यांचा अर्थ बहुधा पाठविणाराच्या पदरचा असतो. एक पक्ष श्लोक पाठवून अभिमानानें फुगतो. दुसरा पक्ष तसाच श्लोक पाठवून संतापतो. ग्रंथ मात्र दोघांनींही उघडलेला नसतो. ज्या देशांत मतें अशा पुराव्यावर बनतात, तेथें पुरावा तपासूं शकणारे लोक गल्लोगल्लीं असणें ही केवळ विद्वत्तेची हौस नव्हे, ती सार्वजनिक गरज आहे.

आतां दुसरा प्रश्न. एवढ्या वयांत हें साधेल काय? 'पिकल्या पानाला पालवी फुटत नाहीं' असें म्हणून अंग काढून घेणारांस आम्ही एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतों. सर विल्यम जोन्स हा १७८३ सालीं कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होऊन आला. फारसी त्यास पूर्वींच येत होती. संस्कृत येत नव्हतें. हिंदूंच्या दाव्यांत पंडित सांगतील तें शास्त्र म्हणून मानावें लागे, आणि तें बरोबर कीं चूक हें पाहण्याचें साधन न्यायाधीशाच्या हातीं नसे. ही परावलंबनाची स्थिति त्यास सहन होईना. तेव्हां १७८५ सालीं, चाळिशीच्या उंबरठ्यावर असतां, कृष्णनगरास जाऊन रामलोचन नांवाच्या वैद्य जातीच्या पंडितापाशीं त्यानें धडे घेण्यास आरंभ केला. १७८९ सालीं त्यानें केलेलें शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें, आणि १७९४ सालीं मनुस्मृतीचें. हें सर्व कोर्टाचें काम सांभाळून. हा मनुष्य परक्या राज्याचा चाकर होता व राज्य चालविण्याच्या सोयीसाठीं शिकला, हें आम्ही विसरत नाहीं. उलट तेंच लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. ज्यास राज्य करावयाचें होतें त्यास दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणें दोन वर्षेंही परवडलें नाहीं; ज्यांचे ते ग्रंथ, त्यांस मात्र तें दोनशें वर्षें परवडत आलें आहे!

न्यायाधीशास सवड असते, व्यापाऱ्यास ती कोठून येणार, असें म्हणाल तर व्यापाऱ्याचेंही उदाहरण आहे. हाइनरिख श्लीमान हा जर्मन मनुष्य सेंट पीटर्सबर्ग येथें नीळीचा मोठा व्यापार करीत असे. १८५६ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, त्यानें ग्रीक भाषेस हात घातला. प्रथम हल्लींची ग्रीक, मग प्राचीन. रोज मोठ्यानें वाचावें, रोज आपल्या आवडीच्या विषयावर चार ओळी लिहाव्या, त्या शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्याव्या, आणि दुरुस्त झालेलें पाठ म्हणावें, अशी आपली पद्धति त्यानें लिहून ठेविली आहे. स्वतःविषयीं फुगवून सांगण्याची त्यास खोड होती, म्हणून त्यानें सांगितलेल्या मुदतींवर कोणीं विश्वास ठेवूं नये. परंतु होमराचें काव्य मुळांतून वाचणारा हा व्यापारी पुढें १८७१ सालीं ट्रॉय शोधण्यासाठीं हिसार्लिकची टेकडी खणावयास लागला, ही गोष्ट खोटी नाहीं.

घरच्या उदाहरणांचीही वाण नाहीं. काशीनाथ त्रिंबक तेलंग यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करीत असतां भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर केलें, तें १८८२ सालीं प्रसिद्ध झालें. पांडुरंग वामन काणे यांनीं त्याच कोर्टांत वकिली करीत धर्मशास्त्राचा इतिहास लिहावयास घेतला. त्याचा पहिला खंड १९३० सालीं व शेवटचा १९६२ सालीं निघाला. हे दोघेही संस्कृत आधींच शिकलेले होते हें कबूल. पण दिवसाच्या धंद्यानंतर रात्रीचा अभ्यास होतो कीं नाहीं, एवढ्यापुरती त्यांची साक्ष पुरेशी आहे. उशिरां शिकणाराची साक्ष पाहिजे असल्यास गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घ्या. जन्म १८७६ चा, शाळेंतील शिक्षण जेमतेम, डोक्यावर कुटुंबाचा भार. बुद्धाचा धर्म मुळांतून समजावा या एकाच ध्यासानें हा गृहस्थ विशी उलटल्यावर घर सोडून निघाला. पुणें व काशी येथें संस्कृत शिकला. १९०२ सालीं सिंहलद्वीपांत जाऊन पाली शिकला. आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत तीच भाषा शिकवूं लागला. आमच्या वाचकांनीं घरदार सोडावें असें आम्ही सुचवीत नाहीं. कोसंबींच्या घरच्या माणसांनीं त्या विद्येची किंमत भरली, हें विसरणें अन्यायाचें होईल. कोसंबींनीं ज्यासाठीं देशोदेशीं वणवण केली त्यांतील पुष्कळ साहित्य आज घरबसल्या मिळतें. म्हणून आम्ही रोजचा अर्धा तास तेवढा मागतों.

तिसरा आक्षेप असा कीं, भाषांतरें असतां मूळ वाचण्याचा खटाटोप कशास? भाषांतरें अवश्य वाचावीं, आम्हीही वाचतों. परंतु भाषांतर म्हणजे दुसऱ्यानें करून दिलेला गोषवारा आहे. व्यापारी गोषवाऱ्यावरून रोजचें काम चालवितो. पण तंटा उपस्थित झाला कीं तो मूळ वही मागतो. एकाच श्लोकाचीं दोन भाषांतरें परस्परांविरुद्ध निघालीं म्हणजे तिसरें भाषांतर आणून तंटा मिटत नाहीं. तेथें मूळ शब्दावर बोट ठेवून कोश उघडावा लागतो. एवढें बोट ठेवण्याचें सामर्थ्य आलें कीं आमच्या दृष्टीनें शिकणें सफळ झालें. पाणिनीची पंडिताई त्यापुढची गोष्ट आहे, व ती सर्वांस नको.

चवथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. ज्या भाषेची दारें स्त्रिया व शूद्रातिशूद्र यांस बंद होतीं, ती त्यांच्या वंशजांनीं आतां कां शिकावी? पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें म्हणून अनंतशास्त्री डोंगरे यांस शास्त्रीमंडळींचा रोष सोसावा लागला. त्यांचीच कन्या रमाबाई हिला १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस शाळेंत संस्कृत शिकावयाचें असतां अस्पृश्य म्हणून तें नाकारलें गेलें व फारसी घ्यावी लागली. त्यांनीं संस्कृताचा अभ्यास पुढें स्वतः केला. आणि त्यांनीं तयार केलेले पाली भाषेचें व्याकरण व कोश महाराष्ट्र सरकारनें १९९८ सालीं छापले. या थोर पुरुषाचा कित्ता काय सांगतो? दार बंद केलें म्हणून त्यांनीं वाड्याकडे पाठ फिरविली नाहीं. आंत शिरून प्रत्येक खोलीचा झाडा घेतला, आणि शेजारीं पालीचा दुसरा वाडा उभा होता तोही लोकांस दाखविला. ज्यांस जुन्या ग्रंथांचा अभिमान आहे त्यांनीं ते वाचावे, आणि ज्यांस त्यांचा राग आहे त्यांनीं तर ते अधिक बारकाईनें वाचावे. प्रतिपक्षाचा कागद न वाचतां उलटतपासणीस उभा राहणारा वकील आम्हीं यशस्वी झालेला पाहिला नाहीं.

शिवाय मालकीचाच प्रश्न काढावयाचा तर २०११ च्या खानेसुमारींत सबंध देशांत संस्कृत ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविणारे लोक अवघे २४,८२१ होते. म्हणजे ही भाषा आज जवळजवळ कोणासही आईच्या दुधाबरोबर मिळत नाहीं. ब्राह्मणाच्या मुलासही पहिल्या धड्यापासूनच आरंभ करावा लागतो. जन्मानें जिचा धनी कोणी नाहीं, तिची मालकी वहिवाटीनें ठरते. जो वाचील त्याची ती.

आतां कोणती भाषा व कशी, याविषयीं थोडें. मराठी माणसास संस्कृत शिकतांना लिपि शिकावी लागत नाहीं, आणि शब्दांचें निम्में भांडवल त्याच्या गांठीं आधींच असतें. मात्र या भांडवलांत कांहीं नाणीं खोटीं निघतात: मराठींत 'शिक्षा' म्हणजे दंड, संस्कृतांत शिकवण; मराठींत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, संस्कृतांत हालचाल किंवा यत्न; मराठींत 'राग' म्हणजे क्रोध, संस्कृतांत रंग किंवा प्रीति. खऱ्या अडचणी संधि, समास, द्विवचन व क्रियापदांचीं रूपें या आहेत. पालींत द्विवचन नाहीं व संधींचा जाच कमी, म्हणून कित्येकांस ती आधीं सोपी जाते. ज्यांस पेशवाईंतील दप्तरें वाचण्याची हौस आहे त्यांनीं मोडी लिपि शिकून फारसीचा पाया घालावा. दावा, फिर्याद, जामीन, मुदत, दस्तऐवज, दुकान, बाजार हे आमच्या पेठेचे व कचेरीचे रोजचे शब्द फारसीच्याच दारानें आलेले आहेत. शिवाजी महाराजांच्या वेळीं अशा शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं राज्यव्यवहारकोश रचावा लागला, यावरून त्यांचा भरणा किती होता हें दिसतें.

पद्धतीविषयीं आमचें सांगणें एवढेंच कीं, प्रौढ माणसानें लहान मुलाची नक्कल करूं नये. त्याची पाठ करण्याची शक्ति कमी झालेली असते. समजण्याची वाढलेली असते. त्यानें रूपावलीचे तक्ते वर्षभर घोकीत बसण्यापेक्षां थोडा नियम व लगेच पुष्कळ वाक्यें, या मार्गानें जावें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८६४ सालीं काढलेलें संस्कृताचें पहिलें पुस्तक याच धोरणाचें आहे. मग हितोपदेशासारखा सोपा गद्यपद्य ग्रंथ घ्यावा, उजवीकडे कोश ठेवावा, आणि रोज पांच ओळी कां होईनात, पण रोजकीर्दीप्रमाणें रोज कराव्या. आठवड्याची तूट रविवारीं भरून काढूं म्हणणाराची वही कधींच जुळत नाहीं.

आम्ही चाळिशी उलटल्यावर पुन्हां पहिलें पुस्तक उघडलें, तेव्हां पहिला महिना लाजेंतच गेला. साध्या 'अस्मद्' शब्दाचें रूप अडलें म्हणून घरांतील शाळकरी मुलीस विचारलें. ती पुस्तकांत न पाहतां तें सांगून हंसत निघून गेली. मध्यंतरीं दोनदां अभ्यास सुटला व दोनदां धरला. पंडित आम्ही झालों नाहीं व होणारही नाहीं. पण दुसऱ्या वर्षीं एका स्नेह्यानें स्त्रियांच्या निंदेचा एक श्लोक मनुस्मृतीचा म्हणून अध्याय व क्रमांक घालून पाठविला, तेव्हां आम्ही कपाटांतून ग्रंथ काढून तो क्रमांक पाहिला. तेथें भलताच श्लोक होता. तो अध्याय पुढेंमागें चाळला, तेव्हां स्त्रियांस कमी लेखणारीं दुसरीं वचनें त्याच ग्रंथांत सांपडलीं, पण स्नेह्यानें पाठविलेलें तें नव्हतें. दोन्ही गोष्टी आम्हीं त्यास कळविल्या. एका बाजूचा अभिमान व दुसऱ्या बाजूचा आरोप दोन्हीही तपासून पाहण्याचें जें समाधान त्या रात्रीं मिळालें, तें शाळेंतील गुणांनीं कधीं दिलें नव्हतें.

शेवटीं कर्तव्याचा भाग. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ व भारतीय विद्या भवन या संस्था संस्कृताच्या परीक्षा घेतात. हीं कामें चांगलीं आहेत, पण तीं बहुधा मोठ्या शहरांच्या व विद्यार्थ्यांच्या सोयीनें चालतात. तालुक्याच्या गांवीं रात्रीं आठ वाजतां दुकान बंद करणाराची सोय कोण पाहणार? आमची सूचना अशी कीं, १९६७ च्या कायद्याखालीं सरकारी अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनीं आठवड्यांतून दोन रात्रीं आपलें एक दालन उघडें ठेवावें. तेथें गांवांतील एखाद्या शिक्षकानें किंवा निवृत्त गृहस्थानें आठदहा जणांस घेऊन एक प्राचीन ग्रंथ ओळीनें वाचावा. जात, वय, स्त्री, पुरुष यांची विचारपूस करूं नये. अभिजात दर्जाच्या निमित्तानें सरकार जो पैसा खर्च करील त्यांतला कांहीं भाग उत्सवांऐवजीं स्वस्त, सटीप पाठ्यपुस्तकांवर व अशा वर्गांवर पडावा. आणि परीक्षा घ्यावयाच्याच तर त्यांत न पाहिलेला उतारा असावा. पाठ केलेलें उत्तर ओकून मिळालेले गुण म्हणजे भाषा नव्हे, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

सरकार हें करील किंवा न करील; वाचकांनीं त्याची वाट पाहूं नये. मान मंत्रिमंडळाच्या ठरावानें मिळतो, पण मिळकत ताब्यांत घेण्यास धन्यासच उठावें लागतें. विहीर घरची आहे, दोरही आतां हातीं आला आहे. आज रात्रीं दुकानाचा हिशेब लागला म्हणजे दुसरी एक वही उघडा, आणि तिच्या पहिल्या पानावर पहिल्या धड्याचीं पांच वाक्यें लिहा.